आडवा राहिलेला सिग्नल



परळी ते विकाराबाद या लोहमार्गावर, बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यात, घाटनांदूर नावाचे स्थानक आहे. हल्ली रेल्वेचे सिग्नल रंगीत दिव्यांचे असतात. पूर्वी उंच खांबावर बसवलेला लांब पट्टीसारखा 'हात' असे. हात आडवा असला की 'थांबा' आणि खाली झुकला की 'या'. केबिनमधला कर्मचारी एक जड दांडा ओढी. त्यामुळे लांबलचक तार ताणली जाई आणि दूरवरचा तो हात खाली झुके.

आता विचार करा. ही तार मध्येच तुटली तर हात कसा राहील? झुकलेला की आडवा?

उत्तर आहे, आडवा! हाताच्या मागच्या बाजूला एक वजन मुद्दाम जोडलेले असे. तार तुटताच त्या वजनामुळे हात आपोआप 'थांबा'च्या खुणेवर येई. यामागचा हिशेब साधा आहे. गाडी विनाकारण अर्धा तास खोळंबली, तर नुकसान अर्ध्या तासाचे. पण थांबायला हवी होती ती गाडी पुढे गेली, तर नुकसान माणसांच्या प्राणांचे. म्हणून नियम असा की, शंका आली की धोका आहे असेच समजायचे.

अगदी असाच एक सिग्नल आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात आहे. ज्याच्या बालपणी घरात किंवा घराजवळ फार काही वाईट घडले, त्याचा हा सिग्नल पुढे कित्येक वर्षे आडवाच राहतो. असे माणूस तुमच्या घरातही असू शकेल. एखादी मावशी, मोठा चुलतभाऊ, कदाचित तुमची आई, किंवा तुमच्या बाकावर बसणारा मित्र. त्याला आपण कसा आधार द्यायचा, हे या लेखात पाहू. आधी मात्र त्या सिग्नलची रचना समजून घ्यायला हवी.

डोक्यातला पहारेकरी

संध्याकाळी शेताच्या बांधावरून चालताना पायाशी काहीतरी वळवळल्यासारखे वाटते आणि तुम्ही उडी मारता. मग नीट पाहता, तर ती मोटेची जुनी दोरी! गंमत अशी की, 'हा साप आहे' असा विचार पुरता होण्याआधीच उडी मारून झालेली असते.

हे काम मेंदूच्या आत खोलवर असलेल्या एका छोट्या केंद्राचे आहे. त्याचा आकार बदामासारखा, म्हणून त्याला बदामाच्या ग्रीक नावावरून 'अॅमिग्डला' म्हणतात. डोळ्यांकडून आणि कानांकडून आलेली बातमी सविस्तर तपासली जाण्याआधीच हा पहारेकरी इशारा देऊ शकतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी लगेच अॅड्रेनॅलिन रक्तात सोडतात. हृदय धडधडू लागते, श्वास जलद होतो, स्नायू ताठ होतात. थोड्या वेळाने कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरकही रक्तात वाढते. शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते.

लढणे आणि पळणे या दोन्ही वाटा बंद असतील तर? तर शरीर तिसरी वाट धरते, ती म्हणजे थिजून जाणे. मांजराच्या तावडीतला उंदीर निपचित पडतो, तसा माणूसही जागच्या जागी गोठतो. त्याचा आवाज फुटत नाही. हे तो ठरवून करत नाही, शरीर आपोआप करते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

कपाळाच्या मागे मेंदूचा विचार करणारा भाग असतो. 'अरे, ही तर दोरी आहे!' असे तो सांगतो आणि सिग्नल पुन्हा खाली झुकतो. मात्र हा भाग पूर्ण पक्व व्हायला वयाची विशी उलटून जावी लागते. लहान मुलाजवळ पहारेकरी असतो, पण त्याला शांत करणारी यंत्रणा अजून बांधली जात असते. ते काम तोवर मोठी माणसे करतात. रडणाऱ्या बाळाला आजी खांद्यावर घेऊन थोपटते, तेव्हा ती त्या बाळाचा सिग्नलच खाली करत असते.

घरातच साप असेल तर?

आता अशा मुलाची कल्पना करा, की ज्याला शांत करणारी माणसेच त्याच्या भीतीचे कारण आहेत. रोज मारणे, चटके देणे, सतत घालूनपाडून बोलणे, उपाशी ठेवणे, आजारातही न पाहणे, नको तिथे नको तसा स्पर्श करणे, हे सारे बालअत्याचार होत.

असे कुठेतरी दूर घडत असेल, आपल्याकडे नाही, असे कोणाला वाटेल. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तीत महाराष्ट्र धरून १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना प्रश्न विचारले होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण सोसली होती. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला, आणि त्यात मुलगेही मोठ्या संख्येने होते. त्रास देणारी माणसे पुष्कळदा मुलाच्या ओळखीची आणि विश्वासाची होती. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

आपल्या बीड जिल्ह्याचेच पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. काही मुले आईबापांबरोबर फडात जातात, तर काही गावी आजी-आजोबांपाशी राहतात. गरिबी म्हणजे अत्याचार नव्हे. पोरांसाठी हाडे झिजवणारे आईबाप तर आपण रोज पाहतो. पण मुलावर लक्ष ठेवणारी माणसे दूर गेली की, त्याला त्रास देऊ पाहणाऱ्याला संधी मिळते. याच काळजीपोटी कित्येक मुलींची लग्ने लवकर उरकली जातात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, बीड जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. चौदाव्या वर्षी परक्या घरी जाऊन मार खाल्लेली मुलगी आज कोणाची तरी आई असते. तिच्याही बालपणाची आठवण ठेवायला हवी.

अशा वेळी मुलाचा पहारेकरी काय शिकतो? दाराची कडी वाजली की धोका. दारूचा वास आला की धोका. कोणी मोठ्याने बोलले की धोका. रोज हीच शिकवण मिळाली की तार जणू तुटते आणि सिग्नल कायमचा आडवा होतो. तो बिघडलेला नसतो, हे ध्यानात घ्या. त्या घरात, त्या दिवसांत त्याने त्या मुलाला जपलेले असते. अडचण एवढीच की, ते दिवस सरले, तरी त्याला ते कळलेले नसते.

या ताणाचा परिणाम शरीरावरही होतो. अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १७,००० हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. त्यांचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. बालपणी सोसलेल्या त्रासांचे प्रकार जितके अधिक, तितकी पुढे नैराश्य, व्यसने आणि हृदयविकारदेखील होण्याची शक्यता अधिक, असे त्यांना दिसले. इथे 'शक्यता' हा शब्द महत्त्वाचा आहे. ते विधिलिखित नव्हे.

स्वभाव की सिग्नल?

समजा, तुमची एक मावशी आहे. मागून कोणी खांद्यावर हात ठेवला की ती किंचाळते. भांडे पडले की तिच्या हाताला कापरे सुटते. लग्नकार्यात सगळे हसत-खेळत असताना ती एकटीच माडीवर जाऊन बसते. कधी क्षुल्लक गोष्टीवरून भडकते आणि मग दिवसभर बोलतच नाही. घरचे म्हणतात, "तिचा स्वभावच तसा आहे."

आता तुम्हाला दुसरे उत्तर ठाऊक आहे. भांड्याचा आवाज हा आजचा आहे, पण तिच्या पहारेकऱ्याला तो तीस वर्षांपूर्वीचा वाटतो. विचार करणारा मेंदू 'दोरी आहे' असे सांगेपर्यंत सगळे शरीर पेटून उठलेले असते. प्रत्येक दचकणाऱ्या किंवा रागीट माणसाच्या मागे अशीच गोष्ट असेल असे मात्र नाही. म्हणून खोदून खोदून विचारू नका आणि तर्कही लढवू नका. कारण कोणतेही असो, वागण्याची रीत एकच आहे.

सिग्नल खाली कसा येतो?

२००६ साली जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. १६ विवाहित स्त्रियांना मेंदूचे चित्र घेणाऱ्या चुंबकीय यंत्रात निजवले आणि 'आता तुमच्या घोट्याला विजेचा हलका झटका बसेल' अशी खूण अधूनमधून दाखवली. कधी ती स्त्री एकटी असे, कधी एक अनोळखी माणूस तिचा हात धरी, तर कधी तिचा नवरा. एकटी असताना मेंदूतील धोक्याची केंद्रे अधिक जागी होत. अनोळखी हाताने थोडा फरक पडे आणि नवऱ्याच्या हाताने पुष्कळ. ज्या जोडप्यांचे नाते चांगले, त्यांच्यात तर फारच. प्रयोग लहान होता. पण त्यात दिसलेली गोष्ट मोठी आहे. विश्वासाचे माणूस जवळ असले की मेंदूला धोका लहान वाटतो.

दुसरी पाहणी यापेक्षा पुष्कळ लांबलचक आहे. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके लक्ष ठेवले. त्यांतली बरीच मुले गरिबीत, भांडणांत आणि व्यसनी आईबापांच्या घरी वाढत होती. तरीही त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तबगार आणि प्रेमळ माणसे झाली. त्यांच्यात एक गोष्ट समान आढळली. प्रत्येकाला निदान एक तरी खात्रीचे माणूस लाभले होते. कधी आजी, कधी मोठे भावंड, कधी शाळेतील गुरुजी.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र सांगायला हवी. जुनी भीती पुसली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले होते की, मोडलेली सवय काही काळ गेल्यावर आपोआप पुन्हा डोके वर काढते. मेंदू जुना धडा खोडत नाही, त्याच्या शेजारी नवा धडा लिहितो. नवा धडा जितक्या वेळा गिरवाल, तितका तो ठळक होतो. म्हणून मावशी सहा महिने छान राहून एके दिवशी पुन्हा कोलमडली, तर 'सगळे फुकट गेले' असे समजू नका. नवा धडा जागेवरच आहे, पुन्हा गिरवायचा आहे एवढेच.

तुम्ही काय करायचे?

पहिली गोष्ट, खात्रीचे व्हा. पाच वाजता येतो म्हणालात तर पाचला या. उशीर होणार असेल तर निरोप द्या. ज्याच्या बालपणी पुढच्या क्षणी काय होईल याचा नेम नव्हता, त्याला वेळेवर येणारे माणूस औषधासारखे असते.

दुसरी, चाहूल द्या. मागून जाऊन दचकवू नका. खोलीत जाण्याआधी हाक मारा. स्पर्श करण्याआधी विचारा. "मावशी, तुझ्याजवळ बसू का?" तिने नको म्हटले तर रुसू नका. तिचे 'नको' कोणी ऐकले, हाच तिच्या मेंदूसाठी नवा धडा आहे.

तिसरी, निवड तिच्या हाती ठेवा. जत्रेला यायचे की नाही, दार उघडे ठेवायचे की बंद, हे तिला ठरवू द्या. अत्याचारात माणसाची निवडच हिरावली गेलेली असते.

चौथी, तिने आपण होऊन काही सांगितले, तर शांतपणे ऐका आणि तीन वाक्ये बोला. "तू सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काही चूक नव्हती." एवढे पुरे आहे. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" किंवा "ओरडली का नाहीस?" असे विचारू नका. उंदीर का निपचित पडतो, हे आठवा. "झालं गेलं, विसरून जा" असेही म्हणू नका. आठवण ही काही फळ्यावरची अक्षरे नव्हेत.

पाचवी, तिने सांगितलेले चारचौघांत बोलू नका. कोणाला सांगायचे हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

करून पहा

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून नाडी शोधा. मनात चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्या आणि सात मोजेपर्यंत हळूहळू सोडा. असे पाच-सहा वेळा करताना नाडीकडे लक्ष ठेवा. श्वास घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना संथ पडलेले जाणवतील. मेंदूपासून हृदयाकडे जाणारी 'व्हेगस' नावाची चेता श्वास सोडताना हृदयाला लगाम घालते.

याचा उपयोग काय? घाबरलेल्या माणसापुढे आपणही घाबरलो की, हलत्या झोक्याला नेमक्या वेळी आणखी धक्का दिल्यासारखे होते. झोका वाढतच जातो. म्हणून आधी आपला श्वास संथ करा. तिला "श्वास घे, श्वास घे" असे हुकूम सोडू नका. शेजारी बसा, हळू आवाजात बोला. "मी आहे इथे. आज मंगळवार आहे. आपण आपल्या ओसरीवर बसलोय." असे बोलल्याने तिच्या मेंदूला आजचा दिवस आणि आजची जागा सापडायला मदत होते.

जे ओझे तुमचे नाही

आता तो अपवाद. त्रास जुना नसून आजही चालू असेल, सांगणारा अठरा वर्षांखालील असेल, किंवा कोणी जीव देण्याची भाषा करत असेल, तर ते गुपित ठेवायचे नाही. "कोणाला सांगणार नाहीस ना?" असे विचारले तरी तसे वचन देऊ नका. "तुला मदत करील अशाच माणसाला सांगेन," असे म्हणा. मग ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे त्या बाई, गुरुजी, आजी किंवा डॉक्टर यांना सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. त्रास सोसणारे तुम्ही स्वतः असाल, तरीही हेच करा.

मुलांसाठी १०९८ हा फुकट दूरध्वनी क्रमांक आहे. ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली आणि आज ती सरकारी यंत्रणेमार्फत चालते. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा 'टेलि-मानस' क्रमांक २०२२ पासून आहे. त्यावर मोठी माणसेही बोलू शकतात. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा 'पॉक्सो' कायदा २०१२ साली झाला. तो मुलगे आणि मुली दोघांनाही लागू आहे, आणि त्रास सोसलेल्या मुलाचे नाव उघड करण्यास त्याने बंदी घातली आहे.

सिग्नल फारच अडकला असेल तर जाणकाराची मदत लागते. पाय मोडला की आपण डॉक्टरकडे जातो, तसेच हे. अशा जखमांवर बोलण्यातून करावयाचे खास उपचार आहेत आणि गरज पडल्यास औषधेही आहेत. घाटनांदूरच्या माणसाला त्यासाठी मुंबई-पुणे गाठण्याचे कारण नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात. उपचार डॉक्टरांनी करायचे आहेत. "मावशी, तुझ्याबरोबर मीही येऊ का?" एवढे मात्र आपण विचारू शकतो.

आणि स्वतःलाही जपा. अभ्यास, खेळ, मित्र सोडून कोणाचा पहारा करत बसू नका. आपल्या मनावर ओझे झाले तर तेही मोठ्या माणसापाशी बोला. एका खात्रीच्या माणसाने सुरुवात होते, पण दोन-चार असली तर फारच बरे.

मित्रहो, तुटलेली तार पुन्हा जोडता येते, पण ती खांबाखाली उभे राहून ओरडल्याने जोडली जात नाही. ती हळूहळू, टाका-टाका घालत जोडावी लागते. तुम्ही वेळेवर आलात, हाक मारून आत आलात, तिचे 'नको' ऐकलेत, की एक टाका पडला. उद्या पुन्हा एक. असे करता करता एखाद्या दुपारी स्वयंपाकघरात भांडे पडेल, मावशी दचकेल, तुमच्याकडे पाहील आणि पुन्हा भाजी चिरू लागेल. घरात दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही येणार नाही. तुम्हाला मात्र कळेल, की सिग्नल झुकला.